बसायला एकच जागा

“सुजाता, खाऊ घालायची जागा आणि मारायची जागा एकच करू नकोस गं,” शोभामावशी म्हणाल्या होत्या.

सुजाता हसली. “मावशी, खारी आहेत त्या. पंगतीला बसवलेले पाहुणे नाहीत.”

“तेच म्हणतेय मी. खारीला कुठे कळतंय? तिला वाटणार, आपल्याला बोलावलंय.”

सुजाताने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि विषय बदलला.

मित्रांनो, हे बोलणं माझ्यासमोर झालं. शोभामावशी म्हणजे सुजाताच्या शेजारीण. तीस वर्षांपूर्वी मुंबईहून अमेरिकेत आलेल्या आणि गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांच्या हक्काच्या मावशी झालेल्या. आणि मी त्या वेळी सुजाताच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसले होते, खोक्यातून नुकतीच बाहेर काढलेली. मी खारींची दाणापेटी आहे. आज जुनी झाले आहे, माझा एक कोपरा टवकलेला आहे. पण तेव्हा माझ्या अंगाला ताज्या लाकडाचा वास येत होता. माझी सगळी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण मोठ्या माणसांना सांगून फारसा उपयोग होत नाही, हे मी पाहिलं आहे.

माझा जन्म व्हरमाँटमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. सीडरच्या फळ्या कापून, चार भिंती, एक तळ आणि एक तिरकं झाकण असं माझं अंग तयार झालं. पुढच्या बाजूला आतले दाणे दिसावेत म्हणून जाड प्लॅस्टिकची काच बसवली आणि तिच्या खाली एक अरुंद फळी ठोकली. ज्या बाईने मला घासूनपुसून तयार केलं, तिने माझं झाकण पुन्हा पुन्हा उघडून आणि मिटून पाहिलं. त्यात स्वतःचं बोट घालून पाहिलं. कुणाचं बोट चिमटू नये, एवढीच तिला काळजी होती. मी कुणाच्या तरी अंगणात जाईन, तिथली मुलं खिडकीतून खारी बघतील आणि हसतील, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटत होतं.

तिथून मी वुस्टर शहराच्या बाहेर एका दाणावैरणीच्या दुकानात आले. घोड्यांच्या खाद्याची पोती, कोंबड्यांसाठी मका, आणि भिंतीलगतच्या फळीवर आम्ही भावंडं. एके दिवशी अतुल तिथे आला. अतुल म्हणजे सुजाताचा नवरा. नागपूरचा इंजिनिअर, शांत, प्रत्येक वस्तू दोनदा मोजून घेणारा. दुकानातला म्हातारा त्याच्याशी इंग्रजीत बोलला, तुम्हाला मी मराठीत सांगते.

“पक्ष्यांसाठी हवंय?”

“नाही. खारींसाठी.”

“गंमत आहे. लोक माझ्याकडे खारी येऊ नयेत म्हणून वस्तू मागतात.”

“मला त्या यायला हव्यात,” अतुल म्हणाला. “आणि आल्या की हलायला नकोत.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे क्षणभर नीट पाहिलं. मग त्याला जे समजायचं ते समजलं. त्याचा आवाज बदलला. एखादा डॉक्टर दार लावून घेतो आणि मग बोलतो, तसा.

“ही जाळीची नळी नको. खार तिला मिठी मारते आणि गोल फिरते, पाठीमागे गेली की संपलं. ही उघडी थाळीही नको. चार-पाच जणी एकदम येतात, भांडतात, उड्या मारतात. पक्षीही येऊन बसतात, आणि तुला पक्षी मारायचे नाहीत ना? मक्याची कणसं अडकवायचं हे चक्र पोरांना आवडतं, पण त्यावर खार गरगर फिरते.” मग त्याने मला खाली काढलं. “ही घे. झाकण उचलायला खारीच शिकतात, लहान पक्ष्यांना ते जमत नाही. पुढे बसायला एकच जागा. खार इथे बसते, डोकं आत घालते, खाते, पुन्हा डोकं आत घालते. जागची हलत नाही.”

मला वाटलं, माझं कौतुक चाललं आहे.

“आणि आख्ख्या शेंगा घालू नकोस,” तो पुढे म्हणाला. “आख्खी शेंग मिळाली की ती घेऊन पळते आणि कुठेतरी पुरून ठेवते. दाणे भरडून घाल. भरडा नेता येत नाही, तो तिथेच बसून खावा लागतो.”

अतुलने मान डोलावली. येताना तो शेंगदाण्यांचं मोठं पोतं घेऊन आला. मिक्सर घरी होताच.

आता तुम्ही म्हणाल, हा अतुल दुष्ट असला पाहिजे. नाही, मित्रांनो. दुष्ट माणूस असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

श्रूजबरी गावातलं त्यांचं घर अगदी रानाला लागून आहे. मागे ओकची झाडं, एक जुनी दगडी बांधाची रांग, आणि ढीगभर करड्या खारी. त्या खारी छपराच्या कडेने आत शिरल्या आणि माळ्यावर राहू लागल्या. माळा बरोबर रुहीच्या खोलीवर. रुही म्हणजे त्यांची पाच वर्षांची मुलगी. आधी नुसती खुडखुड ऐकू येई. मग एका संध्याकाळी रुहीच्या खोलीतला दिवा फडफडला आणि जळकट वास आला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने माळ्यावरून कुरतडलेली वायर काढून आणली. आतली तांब्याची तार उघडी पडली होती. “थोडक्यात वाचलात,” तो म्हणाला.

तेव्हापासून सुजाता भिंती हुंगत असे. खरंच सांगते, रुहीला शाळेत सोडून आली की ती तिच्या खोलीत जाई, भिंतीला नाक लावी, विजेच्या बटणांवर तळहात ठेवून ती गरम नाहीत ना हे बघे. घशात अडकू नयेत म्हणून द्राक्षंही उभी चिरून देणारी आई होती ती. रुहीच्या जॅकेटच्या टोपीची नाडी कुठे अडकेल म्हणून तिने ती काढूनच टाकली होती. भोकं बुजवली तर खारींनी दुसरी पाडली. पिंजऱ्यात धरून लांब सोडायला नियम आडवा येतो, असं पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला. शेवटी अतुलने नियम वाचले, व्हिडिओ पाहिले आणि छर्ऱ्यांची एअर रायफल आणली.

“कर काय करायचं ते,” सुजाता म्हणाली. “माझ्या पोरीच्या डोक्यावर आग नको.”

मला बसवायला अतुलने मुळीच घाई केली नाही. आधी त्याने मला ओकच्या खोडाला उंच लावून पाहिलं. मग वरच्या बाथरूमच्या खिडकीतून बघितलं आणि मान हलवली. नेम चुकला तर छर्रा सरळ रानात जाईल, आणि रानात पायवाट आहे, लोक कुत्री फिरवायला येतात. म्हणून त्याने एक बुटका खांब रोवला आणि मला त्याच्यावर खाली बसवलं. पाठीमागे थोडं अंतर सोडून एक जाड, रुंद फळी उभी केली, तिच्यामागे मातीच्या गोण्या रचल्या. वरून मारलेला छर्रा आता कसाही गेला तरी मातीतच जाणार होता.

सुजाता मागच्या दारच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे डेकवर, उभी राहून बघत होती. “इतक्या खाली? रुहीचा हात पोचेल तिथे.”

“पोचू दे ना, दाणेच तर आहेत,” अतुल म्हणाला. “बंदूक कपाटात, कुलूप लावून. रविवारी तुम्ही मराठी शाळेत गेलात की मगच ती बाहेर काढणार. निघालीस की मेसेज टाक, मी आवरून ठेवतो. सिंपल.”

उंचावर असते तर मी मुलांच्या हाताला लागले नसते. रानातली अनोळखी माणसं सुरक्षित राहावीत, म्हणून मी खाली आले.

झाडांची पानं लाल होऊ लागली तेव्हा नागपूरहून अतुलचे वडील आले. त्यांचं नाव दादाराव. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिश्यांचे. मार्चपर्यंत राहणार होते. रोज सकाळी अंघोळ करून ते बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावत आणि पंचशील म्हणत. रुही त्यांच्या शेजारी मांडी घालून, हात जोडून, एक डोळा उघडा ठेवून बसे. पहिलंच शील, मी कुणाचा जीव घेणार नाही. अतुलही कॉफीचा मग हातात घेऊन दारात उभा राही आणि त्यांच्यामागून ओठ हलवी.

पहिल्याच सकाळी दादाराव डेकवर आले आणि त्यांना मी दिसले.

“हे काय रे?”

अतुलने सुजाताकडे पाहिलं. सुजाताने सिंकमधल्या भांड्यांकडे पाहिलं.

“खारींना दाणे घालायची पेटी आहे, बाबा.”

हे खोटं नव्हतं. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुम्हालाही कळेल, की माणसं सरळ खोटं फार कमी बोलतात. ती खऱ्याचा अर्धा तुकडा देतात आणि उरलेला खिशात ठेवतात.

दादारावांचा चेहरा उजळला. “अरे वा! आता कुठं माझा पोरगा वाटलास. मी म्हटलं, इथं येऊन यानं नुसता लॅपटॉपच पाळला की काय!”

ते खाली उतरून आले, त्यांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला, काचेवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली. त्या दिवसापासून मला भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

“बाबा, आख्खे दाणे नका घालू हां. भरडाच घाला,” अतुल म्हणाला.

“काहून?”

“त्यांना... बरं असतं ते. दातांना.”

“खारीच्या दातांना!” दादाराव पोट धरून हसले. “बाप्पा, अमेरिकेत खारीचेही डेंटिस्ट असतात का रे?” पण ते ऐकत मात्र होते. रोज मिक्सरमधून दाणे काढायचे, बोटांनी चाचपून बघायचे, मोठा तुकडा राहिला तर पुन्हा फिरवायचे.

संध्याकाळी डेकवर सुजाता अतुलला हळूच म्हणाली, “सांगून टाक ना यार त्यांना.”

“सांगितलं तर काय होईल माहीत आहे तुला. जेवण सोडतील. मार्चपर्यंतच तर आहेत.”

सुजाता कप उचलून आत गेली. मला तिची नजर ठाऊक झाली होती. रुही कुठे आहे, काय खातेय, कशावर चढतेय, काहीच त्या नजरेतून सुटत नसे. फक्त मी सुटले. मला तिने स्वतः होकार दिला होता ना. ज्या गोष्टीला आपण हो म्हणतो, तिच्याकडे बघायचं थांबतो.

सुरुवातीला अतुलने बंदुकीला हातही लावला नाही. खारींना आधी सवय लागू दे, असं त्याचं म्हणणं होतं. आणि त्या शिकल्या. आधी एक धीट खार आली, तिचा एक कान फाटलेला होता. तिने नाकाने माझं झाकण ढकललं, दचकून पळाली, पुन्हा आली. तिला पाहून दुसरी शिकली. काही दिवसांतच त्या माझ्या फळीवर आपल्याच ओट्यावर बसावं तशा निवांत बसू लागल्या.

त्याच दिवसांत अजून एक जण शिकत होतं.

“हे बघ पोट्टे,” दादाराव रुहीला सांगत, “खार जवळ यायला पाहिजे ना? मग हलायचं नाही. बोलायचं नाही. दगड व्हायचं.”

“लाइक अ स्टॅच्यू?”

“हो, तसंच. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तिला वाटलं पाहिजे, इथं कुणीच नाही.”

रुही आधी डेकच्या पायरीवर दगड झाली. मग गवतात. मग ओकच्या बुंध्याशी. रोज थोडी पुढे. शेवटी तिला स्वतःची जागा सापडली: माझी पाठ आणि ती जाड फळी यांच्यामध्ये वाळलेल्या पानांवर, गुडघे पोटाशी घेऊन. “माय सीक्रेट हाउस,” ती आजोबांच्या कानात म्हणाली. तिथे बसलं की माझ्या कडेवरून खारीची शेपटी लोंबताना दिसे, अगदी हाताच्या अंतरावर. घराच्या कुठल्याही खिडकीतून मात्र ती जागा दिसत नसे. समोर मी होते, आणि बुटक्या खांबाभोवती वाळलेलं उंच गवत.

आजोबांना वाटलं, नातीला केवढा संयम आला! आणि खरंच आला होता. मला तिचा श्वासही ऐकू येत नसे.

मग तो पहिला रविवार आला. गाडी गेली. सुजाता, रुही आणि मराठी शाळेच्या व्हरांड्यात इतर आजोबांशी गप्पा मारायला दादाराव. वरच्या बाथरूमच्या खिडकीची जाळी निघाली, काच वर सरकली. फाटक्या कानाची खार माझ्या फळीवर बसली होती. डोकं आत, झाकण तिच्या मानेवर. तिने भरड्याचा घास घेतला आणि दोन्ही हातांत धरून खाऊ लागली.

आवाज फार मोठा नव्हता. कुणीतरी ओली चादर झटकावी तसा. माझं अंग हादरलं आणि फळी हलकी झाली.

अतुल हातमोजे घालून खाली आला. त्याने तिला एका पिशवीत ठेवलं. माझी फळी ओल्या कागदाने पुसली, दोनदा पुसली. मग त्याने डब्यातून ताजा भरडा ओतला आणि तो आत गेला. गाडी परत आली तेव्हा मी पूर्वीसारखीच दिसत होते.

असे बरेच रविवार गेले. माळा शांत होत चालला. “एकदम कामाची वस्तू निघाली ही,” अतुल एकदा म्हणाला. सुजाताने मान डोलावली. ती आता भिंती हुंगत नव्हती. आतून मात्र मी थंड पडत होते.

“ती कानफाटकी काहून दिसत नाही रे?” दादारावांनी एका सकाळी डेकवर चहा घेताना विचारलं.

“हॉक असतात बाबा इथे, ससाणे. मोठे. उचलून नेतात.”

“डिड द हॉक ईट हर?” रुहीने विचारलं.

सुजाताच्या हातून चमचा खाली पडला. दादारावांनी उठून माझ्यात नेहमीपेक्षा जास्त भरडा घातला. “उरलेल्यांना तरी पोटभर मिळू दे,” ते म्हणाले.

आता मी त्या दिवसाकडे येते. पानं गळून गेली होती, थंडी पडली होती. त्या रविवारी मराठी शाळेच्या इमारतीतलं हीटिंग बंद पडलं आणि मुलांना लवकर सोडलं. सुजाताने ठरल्याप्रमाणे “निघालो” असा मेसेज टाकला. पण अतुलचा फोन खाली स्वयंपाकघरात होता. आदल्या खेपेस नेम धरताना फोन खिशात थरथरला होता आणि खार पळाली होती, म्हणून त्याने तो वर नेलाच नव्हता. हे सगळं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं: वरची खिडकी उघडी आहे, तिच्यातून काळी नळी बाहेर आली आहे, आणि माझ्या फळीवर एक लहानशी, त्याच वर्षी जन्मलेली खार बसली आहे.

त्यांची गाडी विजेवर चालणारी. ती पुढच्या दारी येऊन थांबली, पण आवाज मागे आला नाही.

घराच्या कडेने रुही आली. वाकून, पावलं मोजून टाकत, आजोबांनी शिकवलं होतं तसं. झाडांच्या आडून ती फळीच्या मागे गेली आणि तिथून माझ्या पाठीशी. खार पळाली नाही. ती का पळेल? रुही तिच्या ओळखीची होती ना. रुहीने पानांवर बूड टेकलं, गुडघे पोटाशी घेतले, ओठांवर बोट ठेवलं आणि दगड झाली.

खिडकीतून दिसत होती फक्त खार. खार आणि मी.

मित्रांनो, माझं झाकण तेव्हा एकदाच जोरात आपटायला हवं होतं. खार पळाली असती, नळी आत गेली असती. पण झाकण खारीच्या मानेवर टेकलेलं होतं आणि ती सावकाश खात होती. भरडा अगदी बारीक होता.

पुढच्या दारी सुजाता डिकीतून पिशव्या काढत होती. तिने सवयीने फोन बघितला. मेसेज वाचलेला नव्हता. दादाराव गॅरेजमधून भरड्याचा डबा घेऊन बाहेर येत होते.

“बाबा, रुही कुठंय?”

“गेली पुढं, पेटीकडं. तिचं घर आहे ना तिथं.”

“कसलं घर?”

“पेटीच्या मागं. लपून बसते. तुला नाही दाखवलं?”

पिशव्या तिथेच पडल्या. घराच्या कोपऱ्यावरून ती वळली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. तसा चेहरा मला पुन्हा कधी बघायचा नाही. तिने रुहीला हाक मारली नाही. वर बघून ओरडली.

“अतुल!”

त्याच क्षणी चादर झटकल्यासारखा आवाज झाला. नळी हलली होती. छर्रा खारीला लागला नाही. तो माझी काच फोडून आत शिरला, दाण्यांमधून गेला, पाठीचा कोपरा फोडून बाहेर पडला आणि रुहीच्या गुडघ्याजवळच्या पानांत घुसला. माझ्याच लाकडाची एक कपची तिच्या भुवईवर लागली.

रुही हलली नाही. ओरडली नाही, रडलीही नाही. दगड होऊन बसून राहिली. म्हणून त्या काही क्षणांत सुजाताला कळेना, की पोर जिवंत आहे की नाही.

तिने तिला ओढून बाहेर काढलं. केस बघितले, कान बघितले, पोट, पाठ, हात, सगळं चाचपलं. भुवईवर रक्ताचा बारीक ओघळ होता, दुसरं काही नव्हतं. रुहीने आईच्या खांद्यावरून झाडाकडे पाहिलं आणि कुजबुजत तक्रार केली.

“मम्मा, यू स्केअर्ड हर अवे.”

दादाराव डबा घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी उघड्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत अतुल होता, बंदूक हातात, तोंड उघडं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या डब्यात. किती तरी वेळ ते आतला बारीक भरडा बघत राहिले.

“काहून भरडा, ते आत्ता समजलं,” ते म्हणाले.

दुपारी त्यांनी स्वतः मला खांबावरून उतरवलं आणि डेकवर आणून ठेवलं. अतुल पायरीवर बसला होता. त्याला मान वर करवत नव्हती.

“बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून...”

“वाटलं असतं. भांडलो असतो. दोन दिवस जेवलो नसतो. म्हाताऱ्याचं भांडण झेलायला काय लागते रे?” त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागत होता. “पण पोरीला तिथं बसवलं नसतं ना! तू वरून नेम धरत होतास, अन् मी खाली तिला शिकवत होतो, हलू नको, बोलू नको. आपण दोघांनी मिळून केलं हे.”

“मलाही माहीत होतं,” सुजाता म्हणाली. “तिघांनी म्हणा.”

“मग तिघांनी,” दादाराव म्हणाले. “आता हिला तोडून टाक, अतुल. देऊ नको, ठेवू नको. तोड.”

बंदूक घरातून गेली. छपराच्या कडा जाड पत्र्याने बंद करून घेतल्या. खारी बाहेरच राहिल्या. हे आधीही करता आलं असतं. रुहीच्या भुवईवर एक पुसट रेघ उरली.

मी मात्र तुटले नाही. दुसऱ्या दिवशी अतुलने हातोडी आणली आणि ती माझ्याजवळ ठेवून तो कामाच्या मीटिंगला गेला. मग बर्फ पडला आणि मी त्याखाली झाकले गेले. बर्फ वितळला तेव्हा दादाराव नागपूरला परतले होते. सुजाताने मला आत घेतलं, धुतलं, नवी काच बसवून घेतली. चांगल्या लाकडाची वस्तू फेकायची कशी, असं तिला वाटलं. गावातल्या फुकट देण्याघेण्याच्या ग्रुपवर तिने माझा फोटो टाकला: खारींसाठी दाणापेटी, एक कोपरा टवकलेला, बाकी उत्तम. कोपरा कशाने टवकला, ते लिहिलं नाही. लाज वाटली असेल. उरलेला अर्धा तुकडा पुन्हा खिशातच राहिला.

मला न्यायला एक माणूस पिकअप ट्रक घेऊन आला. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं. माझ्या पाठीच्या भोकात करंगळी घातली, भोकाची दिशा बघितली आणि हळूच हसला. काहीही न विचारता तो मला घेऊन गेला.

आता मी दुसऱ्या गावात, दुसऱ्या घराच्या मागे आहे. बुटका खांब आहे. मागे जाड फळी आहे. हाही माणूस दाणे भरडूनच घालतो. इथल्या खारी झाकण उचलायला शिकल्या आहेत. मध्ये एक कुंपण आहे, त्याच्या खालची माती खारींनी उकरून ठेवली आहे, आणि पलीकडच्या घरात एक लहान मूल आहे, पिवळ्या टोपीचं. त्याला कुणी काही शिकवलेलं नाही. खारींकडे बघून बघून ते स्वतःच शांत बसायला शिकलं आहे. कुंपणाखालून ते अलीकडे येतं. आज सकाळी ते फळीच्या मागपर्यंत आलं होतं. आत्ता मला त्याची टोपी दिसत नाही, आणि वरच्या मजल्यावर एक काच सरकल्याचा आवाज आला आहे.

मित्रांनो, घरात नवी वस्तू आली की विचारा, ही कशासाठी आहे. उत्तर अर्धं वाटलं तर उरलेलं मागा, मोठी माणसं चिडली तरी मागा. आणि तुम्हाला ठाऊक असेल तर घरातल्या सगळ्यांना सांगा. म्हाताऱ्यांना वाईट वाटेल म्हणून लपवू नका, लहानांना कळणार नाही म्हणून सोडून देऊ नका.

पण ते सगळं नंतर. आत्ता तुमच्या घरातलं सगळ्यात धाकटं कुठे आहे? बराच वेळ त्याचा आवाज आलेला नाही का? नुसती हाक मारून पुन्हा वाचत बसू नका. काही मुलं हाकेला ओ देत नाहीत, त्यांना कुणीतरी प्रेमाने गप्प बसायला शिकवलेलं असतं. माझी ही गोष्ट खाली ठेवा, उठा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.